लाव्यांचं हिवाळी जेवण

अ‍ॅबिलीन, टेक्सस
१८ जानेवारी

प्रिय सुन्या,

हुरड्याचे फोटो मिळाले. मला जळवायलाच पाठवलेस ना? पोचलं जळणं.

तिकडे लावे आहेत का, असं विचारलं होतंस. आहेत. बॉबव्हाइट म्हणतात, स्वतःचंच नाव घेऊन ओरडतो. पाव किलोही भरत नाही. पण आपल्याकडे थंडीत उत्तरेतून येणाऱ्या लाव्यासारखा हा पाहुणा नाही, बारमाही इथलाच. हिवाळ्यात दहा-पंधराजण एकत्र राहतात आणि रात्री शेपट्या आत, चोची बाहेर असं रिंगण करून बसतात.

शनिवारी शेजारच्या म्हाताऱ्याने शिकारीतले चार दाखवायला बोलावलं. (खाल्ले नाहीत. आईला काही कळवू नकोस तरी.) पक्षी सोलताना तो गळ्याखालची पिशवी वेगळी काढतो आणि वर्तमानपत्रावर चिरतो. ते त्याचं पंचांग! आत क्रोटन नावाच्या रानतणाच्या बिया, रॅगवीडचे दाणे, रानसूर्यफूल, थोडं मेस्किटचं बी. मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची बहीण आणि रॅगवीड गाजरगवताच्या भावकीतलं. तू बांधावरून उपटून जाळतोस, त्यावर इथला लावा थंडी काढतो.

म्हातारा मात्र नाराज. "हिरवं कुठाय?" सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस झाला तर इथे फिलारीसारखं बारीक तण उगवतं, आणि जानेवारीत पिशवीत त्याची कोवळी पानं दिसतात. आसपास पाणी नसलं तरी त्या पानांतून भागतं. तुमची मालदांडी ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर येते ना, तसंच. बियांचं गणित त्याच्याही आधीचं: उन्हाळ्यात पाऊस झाला तर तण माजणार, तण माजलं तर बी पडणार. म्हणजे लाव्याच्या जानेवारीच्या पोटात मागच्या जूनचं आभाळ असतं.

मला वाटायचं, थंडीच मारत असेल. पोट भरलेलं असेल तर थंडी तो सोसतो. पण २०२१च्या फेब्रुवारीसारखं बर्फ जमीन झाकून बसलं की पंचाईत. कोंबडीसारखं खोल उकरायला त्याचे पाय कामाचे नाहीत.

आणखी एक, जे मला पचायला जड गेलं. तुमच्याकडे एल निनो (म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापणं) म्हटलं की पाऊस हुकणार म्हणून पोटात गोळा येतो. इथले लावेवाले मात्र खूश होतात, कारण त्या हिवाळ्यात इकडे बहुधा पाऊस जास्त. २०११च्या दुष्काळात इथे लावे पार रोडावले होते, ते २०१५-१६मध्ये भरभरून परतले. आणि त्याच एल निनोच्या पाठोपाठ लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. म्हातारा त्या सालाच्या आठवणी रंगवून सांगत होता. मी नुसती मान हलवली.

तुझ्या रानात अजून पायाजवळून भुर्रकन उठतात का रे? उठले तर ज्वारीतून की हरभऱ्यातून, एवढं नक्की लिही. आणि बांधाचा एक कोपरा या वर्षी खुरपू नकोस. काका ओरडले तर माझं नाव सांग.

तुझा,
दिग्या