पंचमावरून धैवतावर

नॅशव्हिल, टेनेसी
रविवार दुपार

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "ते मागे रडल्यासारखं वाजतंय ते काय? सारंगी आहे का?" मी भाजी चिरता चिरता "पेडल स्टील गिटार" एवढंच सांगितलं आणि बोलणं आईच्या गुडघ्यांवर गेलं. पण तुम्ही ते वाद्य बरोबर हेरलंत याचा मला इतका आनंद झाला, की आज निवांत लिहायला बसले आहे. गाणाऱ्याचे शब्द तुम्हाला कळत नव्हते, तरी तुमचा कान मागच्या साथीवर गेला. हे सगळं फोनवर सांगण्यासारखं नाहीच.

आधी वाद्य कसं असतं ते सांगते. नाव गिटार असलं तरी ते कुणी गळ्यात अडकवत नाही. अरुंद टेबलासारखं चार पायांवर उभं असतं आणि वादक त्याच्यासमोर बसतो. दहा तारा आडव्या ताणलेल्या असतात. पुष्कळांच्या वाद्यावर अशा दहा-दहा तारांचे दोन संच असतात, एक कंट्री, म्हणजे इथल्या खेड्यापाड्यांतून वर आलेल्या गाण्यांसाठी ई नाइन्थ पद्धतीने लावलेला आणि दुसरा जॅझच्या अंगाच्या वादनासाठी सी सिक्स्थमध्ये. पडदे नसतात, फक्त रेघा आखलेल्या असतात. डाव्या हातात पोलादाची जड, गुळगुळीत कांडी असते, ती तारांवरून सरकवायची. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. डावा पाय पेडलांवर, दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला दांड्या, आणि उजवा पाय आवाज कमीजास्त करणाऱ्या पेडलवर. छेडलेल्या तारेचा आवाज विरायला लागला की उजवा पाय तो हळूच उचलून धरतो, म्हणून सूर इतका लांबतो. तुम्ही पेटीच्या भात्याने जे करता ते हा माणूस पायाने करतो.

आता तुमच्या भाषेत. ई नाइन्थची लागणी, म्हणजे तारा कोणकोणत्या सुरांत लावल्या आहेत ते, ई म्हणजे सा धरून वाचली, तर दूरच्या तारेपासून जवळच्या तारेपर्यंत असे सूर येतात: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. पहिला पेडल दाबला की पंचमाच्या दोन्ही तारा शुद्ध धैवतावर चढतात. दुसरा दाबला की गंधाराच्या दोन्ही तारा शुद्ध मध्यमावर जातात. सा मात्र जागचा हलत नाही. म्हणजे सा-ग-प एकत्र वाजत असतानाच दोन्ही पेडल दाबले की ते सा-म-ध होतात, आणि मधला सगळा प्रवास मींडेने, सूर न तोडता घसरत, तार वाजत असतानाच! हार्मोनियमवर मींड येत नाही याची खंत तुम्ही आयुष्यभर बोलून दाखवलीत. सारंगीवर ती येते, पण ती एकाच सुराची वाट असते. इथे एक सूर मुक्कामाला बसलेला आणि त्याच्याच अंगणातून दुसरे दोन चालत जातात. तुम्हाला जे रडणं वाटलं ते हेच, पंचमावरून धैवतावर जाणं आणि तिथे फार न थांबता परत येणं.

ही गोष्ट लोकांच्या कानावर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात पडली ती बड आयझॅक्स या स्टीलवादकामुळे. गायक वेब पिअर्सचं 'स्लोली' हे गाणं १९५४ साली कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, त्यात आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबला. पेडल त्याआधीही होते, पण त्यांचा उपयोग बहुतेक लागणी बदलण्यापुरता होत असे. गाडीचा गिअर टाकावा तसा. आयझॅक्सने ती बदलण्याची क्रियाच ऐकवली. त्यानंतर नॅशव्हिलमधल्या प्रत्येक स्टीलवाल्याला पेडल हवे झाले.

आयझॅक्सचा एकच पेडल दोन्ही सूर एकदम चढवायचा. ते काम दोन पेडलांत वाटून टाकलं बडी एमन्स आणि जिमी डे यांनी. त्यामुळे पंचम एकटा हलवता येऊ लागला आणि गंधारही एकटा. दोघांनी पेडल लावले मात्र एकमेकांच्या उलट क्रमाने, आणि आजही वादक एकमेकांना विचारतात, तुझी मांडणी एमन्सची की डेची? मला हे आपल्या घराण्यांसारखं वाटतं आणि फार आवडतं.

बडी एमन्सबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे सगळे त्याचं नाव वेगळ्या आवाजात घेतात. जन्म १९३७चा, इंडियाना राज्यातल्या मिशावाका गावचा. विशीत असतानाच त्याने शॉट जॅक्सनबरोबर १९५७ साली वाद्यं बनवण्याचा कारखाना काढला. दोघांच्या नावांतून 'शो-बड' हे नाव आलं. पुढे त्याने स्वतःच्या नावाची वेगळी गिटारही बनवली. वर जी लागणी दिली आहे, तिच्यातल्या रे आणि नी या पहिल्या दोन तारा त्याचीच भर आहे. त्या आल्यामुळे कांडी न हलवता सरळ सप्तक गाता येऊ लागलं. विचार करा, वाजवणारा, वाद्य घडवणारा आणि लागणी बदलणारा, तिन्ही एकच माणूस! मिरजेतल्या एखाद्या तंबोरा घडवणाऱ्याने मैफलही गाजवावी तसं. त्याचं मला सगळ्यात प्रिय काम म्हणजे रे प्राइसच्या १९६३च्या 'नाइट लाइफ' या रेकॉर्डमधलं शीर्षकगीत. ते गाणं विली नेल्सनचं, ब्लूजच्या वळणाचं, रात्री जागणाऱ्या माणसांचं. प्राइस खुर्चीत रेलून बोलावं तसा गातो आणि एमन्स त्याच्या प्रत्येक ओळीला उत्तर देतो. एका जागी तर तो असा खाली उतरतो की आता गायकाने परत सुरुवात करू नये असं वाटतं. त्याच वर्षी त्याने स्टीलवर जॅझची एक अख्खी रेकॉर्ड केली. ती थोर आहेच, पण मला तो साथीला बसलेलाच जास्त आवडतो.

इथल्या ब्रॉडवे रस्त्यावर रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड नावाची गाण्याची जागा आहे. त्या इमारतीत पूर्वी शो-बडचं दुकान होतं. मागच्या गल्लीपलीकडे रायमन सभागृह. ग्रँड ओल ऑप्रीचा रेडिओवरचा कार्यक्रम १९४३ पासून १९७४ पर्यंत तिथूनच होत असे. बाहेरगावाहून कुणी आलं की मी त्यांना तिथे नेते. सगळ्यांचे डोळे गायकाकडे असतात. मी स्टीलवाल्याचे गुडघे दिसतील अशा ठिकाणी उभी राहते. हात तर सगळेच बघतात, पण निम्मं वादन टेबलाखाली चाललेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. दादाला गायक बक ओवेन्सचं 'टुगेदर अगेन' लावायला सांगा. साल १९६४. ही मंडळी नॅशव्हिलची नाहीत, कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डची, आणि त्यांचा बाज जास्त उघडा, कोरडा आहे. स्टीलवर टॉम ब्रमली. त्याचे वडील आल्बर्ट ब्रमली चर्चमधल्या भजनांचे नामांकित रचनाकार. हे गाणं रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं, तरी दोन्ही बाजू पहिल्या क्रमांकावर पोचल्या.

शब्द आनंदाचे आहेत, ताटातूट झालेले दोघं पुन्हा एकत्र आले आहेत. चाल मात्र संथ, आणि गायकाचा सूर अजून भरून आलेला. मग मधे ब्रमलीला जागा मिळते. फार थोडी मिळते, कंट्रीमध्ये स्टीलच्या वाट्याला येऊन येऊन येतात त्या काही मोजक्या ओळी. तेवढ्यात तो करतो काय? वेग दाखवत नाही. जे तुम्ही आम्हाला लहानपणी सांगत होतात, "गायकाच्या ओळीवर चालायचं, तिच्या पुढे पळायचं नाही", तेच करतो. सूर वर नेतो, तिथे धरतो, पेडल सोडतो आणि तो स्वर आपल्या वजनाने खाली येतो. शब्दांत जे सुख आहे त्याच्या आत किती दिवसांचं दुःख साठलेलं होतं, ते शब्द सांगत नाहीत, ब्रमली सांगतो. आजवर ऐकलेल्या सगळ्या स्टीलवादनात मी हा तुकडा सगळ्यात वर ठेवते. यावर इथे लोक तासन् तास वाद घालतात, कुणी एमन्स म्हणतं, कुणी दुसऱ्या कुणाचं नाव घेतं. माझं मत बदललेलं नाही.

ब्रमलीच्या आधी बक ओवेन्सच्या रेकॉर्डवर वाजवणारा राल्फ मूनी त्याच्या अगदी उलट स्वभावाचा. टोकदार, उड्या मारत जाणारे सूर, हसरे. 'क्रेझी आर्म्स' या गाण्याच्या रचनेत त्याचा वाटा होता. रे प्राइसने ते १९५६ साली गायलं आणि वीस आठवडे ते पहिल्या क्रमांकावर होतं. त्या रेकॉर्डवर स्टील आहे जिमी डेचं. मूनी पुढे गायक वेलन जेनिंग्जबरोबर वर्षानुवर्षं वाजवत राहिला. दादाला मूनी आवडेल, त्याला उडतं संगीत लागतं.

दादासाठी आणखी एक. त्याच्या जॉर्ज हॅरिसनच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास' या १९७०च्या रेकॉर्डवर स्टील वाजवणारा पीट ड्रेक इथलाच, नॅशव्हिलहून लंडनला गेलेला. हा माणूस तोंडात नळी धरून स्टीलला बोलायला लावायचा, १९६४ साली त्याचं 'फॉरएव्हर' त्यावर गाजलं. ते कौतुकाचं आहे, पण खरा ड्रेक ऐकायचा तर टॅमी वायनेटच्या १९६८च्या 'स्टँड बाय युअर मॅन'मध्ये.

आईला मात्र जॉन ह्यूई ऐकवा. तो गायक कॉनवे ट्विटीच्या मागे स्टीलच्या साथीला वीसेक वर्षं होता. त्याची खूण म्हणजे उंच, तारांच्या अगदी टोकाकडचे सूर. तिथे दोन रेघांमधलं अंतर इतकं कमी होतं की कांडी केसभर सरकली तरी बेसूर. भले भले तिकडे फिरकत नाहीत. ह्यूई तिथेच राहायचा, आणि हलक्या आंदोलनाने सूर जिवंत ठेवायचा. १९९१ सालचं व्हिन्स गिलचं 'लुक अॅट अस' त्याच्या स्टीलने सुरू होतं. गाणं आहे कितीतरी वर्षं संसार केलेल्या जोडप्याबद्दल. आपल्याला बघून लोक म्हणतील की प्रेम टिकतं ते असं, असा साधा भाव. मला ते ऐकताना दर वेळी तुम्ही दोघं ओट्याजवळ चहा घेत उभे असलेले दिसता. आईला अर्थ सांगा, पण सुरुवातीचं स्टील आधी ऐकवा.

तुम्हाला हा आवाज अगदीच अनोळखी वाटला नसेल, त्याचंही कारण आहे. कांडीने तारेवर सूर सरकवायची ही पद्धत हवाई बेटांवरची. जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. तिकडून ती अमेरिकेत आली आणि आपल्याकडेही आली. तुमच्या रेडिओवर व्हॅन शिप्लींच्या गिटारवर सिनेमातली गाणी लागायची ना? तेच कूळ. आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन रागसंगीत वाजवलं. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' आपल्या कपाटात आहे, डाव्या बाजूच्या चळतीत. एकाच मुळाच्या एका फांदीने राग धरला, दुसरीने पेडल.

एवढी नावं मुद्दाम लिहिली. त्या काळच्या पुष्कळ रेकॉर्डच्या वेष्टनांवर मागे वाजवणाऱ्यांची नावं छापलेलीच नसत. लॉइड ग्रीनसारख्या माणसाने स्टुडिओत बसून आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी उभी केली, बर्ड्स या रॉक मंडळींची १९६८ची कंट्री रेकॉर्डसुद्धा. ऐकणाऱ्या बहुतेकांना त्याचं नाव ठाऊक नाही. आपल्या गावच्या उत्सवांच्या पत्रिकांवर गायकाचं नाव ठळक आणि खाली "साथसंगत" म्हणून मोघम ओळ, हे मी लहानपणापासून बघत आले. तुम्ही त्याबद्दल कधी बोलला नाहीत. मला मात्र तेव्हाही वाईट वाटायचं, आणि इथे कुणी सोलो संपल्यावर टाळ्या न वाजवता बोलत बसलं की आजही वाटतं.

तर एक काम करा. 'टुगेदर अगेन' दोन-तीनदा ऐका, मोबाइलवर नको, दादाच्या मोठ्या हेडफोनवर. मग पेटी काढा आणि तो मधला तुकडा बसवायचा प्रयत्न करा. मींड येणार नाही, पण ती जागा भरायला तुम्ही कोणता कण घेता, पंचम-धैवतामध्ये काय करता, ते मला ऐकायचं आहे. दादाला रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. मी ते इथल्या एका स्टीलवादकाला ऐकवणार आहे. त्याला हार्मोनियमची साथ म्हणजे काय ते मी बऱ्याचदा सांगितलंय, तो तुमच्या रेकॉर्डिंगची वाट बघतोय.

आईने गुडघ्याचं तेल संपेपर्यंत थांबू नये, आधीच मागवावं. वहिनीला आणि छोट्यांना आशीर्वाद. आत्याला नमस्कार सांगा. दिवाळीला यायचं तिकीट बघते आहे.

तुमची लेक