थर्माकोलची रॉकेटं पुरे, आता आतलं दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात दरवर्षी विज्ञान प्रदर्शनाचे फोटो येतात आणि त्यात एक तरी थर्माकोलचं पीएसएलव्ही, म्हणजे इस्रोचं रॉकेट, असतंच. यंदा आमच्या तालुक्याच्या प्रदर्शनात मीपण चक्कर मारली. रॉकेटं होती, रंगकाम झकास, तिरंगा काढलेला, खाली ज्वाळा म्हणून लाल-पिवळा क्रेप पेपर. एका पोराला विचारलं, बाळा, पहिल्या टप्प्यात काय भरलेलं असतं रे, तर म्हणे गॅस. त्याला तरी काय बोलणार, थर्माकोलच्या आत थर्माकोलच असतो.

मी आयटीआयला टर्नर ट्रेडचा निदेशक होतो. तिथं डिझेल मेकॅनिकच्या वर्कशॉपमध्ये फोर स्ट्रोक इंजिनचं कट सेक्शन ठेवलेलं असायचं, कापलेल्या कडा लाल रंगवलेल्या, हँडल फिरवलं की पिस्टन वरखाली होतोय, व्हॉल्व्ह उघडतोय मिटतोय, वर्गात तासभर डोकं खाऊन जे कळायचं नाही ते पोरांना तिथं उभ्या उभ्या कळायचं. मग रॉकेटचं तसं का नको? पण पीएसएलव्ही कापायला गेलात तर पसारा फार, चार टप्पे, त्यातला एक घन इंधनाचा एक द्रव इंधनाचा असं आलटून पालटून. माझं म्हणणं, सगळ्यात साधं इंजिन घ्या, अमेरिकेत पोरं मैदानावर उडवतात त्या मॉडेल रॉकेटचं. १८ मिलिमीटर जाड आणि ७० मिलिमीटर लांब, कागदाची नळी, बास.

या नळीमागे गोष्ट आहे. १९५७ ला रशियाचा पहिला उपग्रह स्पुटनिक उडाला आणि तिकडच्या पोरांना रॉकेटचं वेड लागलं, घरच्या घरी पाइपात काड्यापेटीचं गूल, नाही नाही ते भरून पेटवायला लागली आणि हात-बोटं गमावून बसली. त्याआधीच नेब्रास्कातल्या ऑरविल कार्लाइल नावाच्या बुटांच्या दुकानदाराने तयार बंद इंजिन असलेलं छोटं रॉकेट बनवलं होतं, ते हॅरी स्टाइन या रॉकेटवाल्या माणसाने उचलून धरलं आणि पुढे कोलोरॅडोच्या व्हर्न एस्टेसने अशी इंजिनं भरायचं मशीनच बनवलं, त्या मशीनचं नाव मेबल! म्हणजे पोरांनी दारू भरायचीच नाही, भरलेली घ्यायची आणि तिला हात लावायचा नाही, हा त्या छंदाचा मुख्य नियम, तो आजही आहे.

म्हणून आधीच सांगतो, खरं इंजिन कापायचं नाही म्हणजे नाही. आत काळी दारू ठासलेली असते, करवतीचं घर्षण किंवा एक ठिणगी पुरते. आणि कुणाचा मामा अमेरिकेत असला तरी त्याला बॅगेत आणायला सांगू नका, ते विमानात चालत नाही, आणि स्फोटकांच्या परवान्याचा सगळा कारभार बघणाऱ्या पेसोचं मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. फटाके फोडून त्यातली दारू काढणं वगैरे तर विषयच नको. कट सेक्शनला दारू लागतच नाही, दिसायला काळं काहीतरी लागतं.

मी पाचपट मोठं केलं. १८ चे पाचपट ९०, आणि ९० एमएमचा पीव्हीसी पाइप शेतात कुठंही पडलेला मिळतो, ३५ सेंटिमीटरचा तुकडा कापला की माप बरोबर. फक्त खऱ्या नळीची भिंत जाड असते, म्हणून आतून रद्दीचे थर फेव्हिकॉल लावून दिले (तुमचाच पेपर आहे, राग मानू नका, खरी नळीही गुंडाळलेल्या कागदाचीच असते).

आता खालून वर काय काय येतं बघा. तळाला मातीचा नॉझल, म्हणजे जळलेला वायू बाहेर पडायचं तोंड, मधे बारीक घसा. तो मी शाडूचा केला, नुसता शाडू वाळताना तडकतो म्हणून त्यात कागदाचा लगदा मळून घेतला. त्यावर काळी दारू, नळीचा निम्म्याहून जास्त भाग हीच खाते, तिथं प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये फरशीचा ब्लॅक ऑक्साईड. मग डिलेचा, म्हणजे उशीर करणारा थर, तो राखाडी. त्यावर थोडी सुटी दाणेदार दारू, तिथं आधी मोहरी चिकटवणार होतो पण प्रयोगशाळेतले उंदीर ती ठेवणार नाहीत, म्हणून क्रशरची बारीक कच काळी करून लावली. शेवटी वर मातीचं पातळ झाकण.

गंमत अशी की विस्तव खाली नॉझलपाशी लागतो आणि उदबत्तीसारखा एका टोकाकडून पुढे सरकत वर जातो. नॉझलजवळ दारूत एक छोटा खड्डा असतो, त्यामुळे सुरुवातीला जळणारा पृष्ठभाग जास्त मिळतो आणि रॉकेटला उठायला दणका बसतो, मग जोर कमी होऊन स्थिर राहतो. दोन सेकंदांच्या आसपास दारू संपते पण रॉकेट वर जातच असतं, तेवढ्यात डिलेचा थर धूर काढत सावकाश जळतो, जोर शून्य, आणि तो संपला की वरची सुटी दारू भडकते, झाकण फुटतं आणि दणका नॉझलकडे न जाता वर जाऊन नाक आणि पॅराशूट बाहेर ढकलतो. ना बॅटरी, ना सेन्सर, ना रिमोट. घड्याळ म्हणजे तो राखाडी थरच. इंजिनावर सी६-५ असं छापलेलं असतं त्याचा अर्थही मग लागतो, सी म्हणजे एकूण आवेग (जोर गुणिले वेळ) ५ ते १० न्यूटन-सेकंद (पुढचं प्रत्येक अक्षर दुप्पट), ६ म्हणजे सरासरी जोर ६ न्यूटन, आणि ५ म्हणजे डिले ५ सेकंद. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातलं इंधन वेगळं आणि ते मधल्या पोकळीतून बाहेरच्या अंगाला जळत जातं, पण पोरगं एकदा हे समजलं की तेही समजेल.

कापायचं कसं, तर अर्धं कापू नका, पाव कापा. अर्धं कापलं की नॉझलचा घसा पन्हळीसारखा दिसतो, ते भोक आहे हे लहान पोराला कळतच नाही, पाव काढलं की तीन बाजूंनी गोल राहतं आणि मॉडेल उभंही राहतं. आणि भरून झाल्यावर करवत चालवू नका, काळी भुकटी पांढऱ्या मातीवर फासली जाते आणि सगळे थर एकाच रंगाचे दिसतात, त्यापेक्षा पाइप आधी कापून काटकोनात दोन पत्रे तेल लावून उभे करा आणि एकेक थर भरत, वाळवत वर या. शेजारी मोठ्या अक्षरात पाटी लावा, आत जळणारं काही नाही. नाहीतर परीक्षक आधी लांबच उभे राहतील!

शिक्षण खात्याने प्रदर्शनाच्या सूचनांमध्ये एक ओळ घालावी एवढीच मागणी आहे, यंत्राचं मॉडेल असेल तर त्याचा निदान एक भाग उघडा दाखवावा. नॉझलच्या घशाचा लाकडी साचा मी लेथवर काढलाय, तो मी आमच्या गावच्या शाळेत ठेवलाय, तालुक्यातल्या कुठल्याही शाळेने न्यावा, काम झालं की परत आणून द्यावा.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक, जि. सांगली