परतावा तुमच्या खिशातून द्या, त्या कुटुंबाच्या नव्हे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

दिनांक : 12 फेब्रुवारी 2025

विषय : शहीद द्वीप (नील), अंदमान येथील होमस्टेचे आरक्षण, 23 ते 27 जानेवारी. मला दिलेला परतावा यजमान कुटुंबाकडून वसूल केल्याबद्दल.

महोदय,

5 फेब्रुवारीला तुम्ही माझ्या खात्यात 7,500 रुपये जमा केलेत आणि तुमच्या आरक्षण साइटबद्दलची माझी तक्रार निकाली काढल्याचा मेसेज पाठवलात. माझ्या दृष्टीने ती निकाली निघालेली नाही. 8 तारखेला रात्री नीलहून त्या होमस्टेच्या मालकांचा फोन आला. पहिलंच वाक्य होतं, "दीदी, हमसे क्या ग़लती हो गई?" तुम्ही ही रक्कम त्यांना द्यायच्या पैशातून कापली आहे. वर माझ्या तक्रारीतली वाक्यं त्यांना पाठवून 'पाहुण्यांनी नोंदवलेल्या त्रुटी' असं लिहिलं आहे. ती वाक्यं मी तुमच्याविरुद्ध लिहिली होती. फोनवर त्यांना काय उत्तर द्यावं हे मला कळेना, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून पुन्हा सगळं सविस्तर लिहिते.

तुमच्या साइटवर या जागेचं वर्णन 'समुद्रकिनाऱ्यावरचं वातानुकूलित रिसॉर्ट' असं आहे. फोटोत पांढऱ्या चादरी, काचेचे दरवाजे आणि पोहण्याचा तलाव दिसतो. प्रत्यक्षात ते एका बंगाली कुटुंबाचं घर आहे. सुपारीच्या आणि नारळाच्या बागेत बांबूच्या भिंतींच्या चार खोल्या, मागे त्यांचा भाजीचा मळा, आणि बागेच्या टोकाला वाळू. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांना सरकारने या बेटावर जमिनी दिल्या. त्यांनी त्या अशा पिकवल्या की आज अंदमानात भाजी म्हटली की नीलचं नाव निघतं. मालकांचे वडीलही त्यांतलेच. या घरात एसी कधीच नव्हता. तुमचे फोटो त्यांचे नाहीत, ते बदला, असं त्यांनी तुमच्या माणसाला दोनदा कळवलं होतं. ते मेसेज त्यांनी मला मोबाइलवर दाखवले.

एसी नव्हता याचं मला दुःख नाही. खरं लिहिलं असतंत तरी मी हीच जागा निवडली असती, कदाचित जास्त आनंदाने.

माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. जेटीवर गाडी हवी, जेवण शाकाहारी हवं, 25 तारखेला एकादशी आहे, हे तिन्ही मी आरक्षणाच्या अर्जात लिहिलं होतं. त्यातलं एकही अक्षर तुम्ही पुढे पोचवलं नाही. आमची पोर्ट ब्लेअरची (आता श्री विजयपुरम) बोट किती वाजता येणार हेही कळवलं नाही. ती लांब जेटी सासूबाईंनी भर उन्हात माझ्या खांद्याचा आधार घेत पार केली. मी फोन केल्यावर मालक स्कूटरवरून धावत आले, ओळखीच्या रिक्षावाल्याला बोलावून घेतलं आणि त्याचे पैसे स्वतः दिले. रिक्षा तुम्ही पाठवायची होती.

एकादशीचं कळलं तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. बौदींनी (तिथे मालकिणीला सगळे बौदी म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो) रात्रीच मासे साफ करून ठेवले होते. साबुदाणा घरात नव्हता, बाजारातही मिळाला नाही. त्यांनी मळ्यातली रताळी उकडली, ओलं खोबरं खवलं, पपई आणि केळी कापली. सासूबाईंच्या ताटासाठी वेगळं पातेलं घासून घेतलं आणि मासे त्या दिवशी मागच्या चुलीवर केले. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दुपारी सासूबाई आणि बौदी ओसरीवर बसून शेंगा सोलत होत्या. एक मराठी बोलत होती, दुसरी बांगला, आणि दोघींचं चांगलं चाललं होतं.

तुमच्या छापील कार्यक्रमाबद्दलही सांगायला हवं. त्यात 'सायंकाळी 6.30 : लक्ष्मणपूर किनाऱ्यावर सूर्यास्त' असं आहे. अंदमान इतकं पूर्वेला आहे की जानेवारीत तिथे सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो. 'सकाळी 10 : नैसर्गिक पूल' असंही आहे. त्या खडकाच्या कमानीपर्यंत ओहोटीतच जाता येतं, आणि ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते. तो कागद पाहून मालक काहीच बोलले नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी भरती-ओहोटीच्या वेळा लिहून ठेवल्या आहेत. त्या पाहून त्यांनी आम्हाला योग्य वेळी नेलं. पोहायला भरतपूरचा किनारा बरा, घरासमोर ओहोटीत प्रवाळाचे दगड उघडे पडतात, पाय कापतील, हेही त्यांनीच सांगितलं. तुमच्या पानावर घरासमोरच पोहता येईल असं लिहिलं आहे. लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांसाठी हे धोक्याचं आहे. ते आजच काढा.

27 तारखेची आमची बोट रद्द झाली. तुमच्या हेल्पलाइनवर मी 40 मिनिटं थांबले, मग फोन कट झाला. त्या रात्री मालकांनी आम्हाला ठेवून घेतलं. खोलीचे पैसे घेईनात. जेवणाचे तरी घ्या म्हणून ह्यांनी फार आग्रह केला, तेव्हा कसेबसे घेतले.

आता हिशेब. दोन खोल्या, चार रात्री, दर रात्री एका खोलीचे 4,900, असे मी तुम्हाला 39,200 रुपये भरले. मालकांना तुमच्याकडून दर रात्री एका खोलीचे 2,100 मिळतात, म्हणजे 16,800. उरलेले 22,400 तुमच्याकडे राहिले. चूक तुमची, आणि 7,500 गेले ते त्या 16,800 मधून. त्यांच्या हातात 9,300 पडले. त्यातूनच आमचं चार दिवसांचं तिन्ही वेळचं जेवण झालं आहे. साइटवर त्यांच्या नावापुढे 'सुविधा अपूर्ण' असा शेराही आला आहे. फेब्रुवारी-मार्च हे तिथले कमाईचे महिने. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद पडतात आणि पाहुणे येत नाहीत. हा शेरा त्यांना किती महाग पडेल याचा विचार करा.

माझी मागणी अशी. कापलेले 7,500 रुपये मालकांना पूर्ण द्या आणि मला दिलेला परतावा तुमच्या वाट्यातून द्या. ते जमणार नसेल तर खाते क्रमांक कळवा, मी माझे 7,500 परत करते, पण त्यांचे पैसे त्यांना मिळाले पाहिजेत. त्यांच्या नावापुढचा शेरा काढा. खोटे फोटो काढून त्यांनी पाठवलेले खरे फोटो लावा. आणि ही तक्रार त्यांच्याविरुद्ध नव्हती असं त्यांना लेखी कळवा, हिंदीत, म्हणजे बौदींनाही वाचता येईल.

ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे या पत्राची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल माझ्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात अर्ज करीन. तुमच्या पानाचे स्क्रीनशॉट, आरक्षणाचा अर्ज, खोल्यांचे मी काढलेले फोटो आणि पैसे भरल्याची पावती सोबत जोडली आहे. मालकांचे मेसेज मी जोडलेले नाहीत. ते तुमच्याकडे आहेतच, आणि त्यांना आणखी त्रास व्हावा अशी माझी इच्छा नाही.

आपली,
आरक्षण करणारी ग्राहक
मिरज, जि. सांगली