इस्लामी अभ्यासाचा विभाग अमरावतीलाही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अकोट तालुक्यातल्या शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवला. मुलांना घेऊन दरवर्षी नरनाळा किल्ल्यावर जायचो. शहानूरवरून चढत महाकाळी दरवाजापाशी पोचलो की कोणीतरी विचारायचंच, ‘सर, वर काय लिहिलं आहे?’ मी सन सांगायचो, १४८७. बांधणारा सांगायचो, फतहुल्ला इमाद-उल-मुल्क, ज्यानं पुढे १४९० मध्ये वऱ्हाडात इमादशाही उभी केली. तो जन्मानं विजयनगरकडचा हिंदू होता असं इतिहासकार फरिश्ता लिहितो, हेही सांगायचो. पण दगडावरची अरबी-फारसीतली एक ओळ मला कधी वाचता आली नाही. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

आपला कास्तकार, त्याचा मौजा, तहसील, जिल्हा, जमाबंदी, हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले. ते आले कसे, आणणारे लोक कोण, त्यांचा धर्मविचार आणि कायदा काय होता, हे वऱ्हाडातल्या पोरांनी वऱ्हाडातच शिकायला हवं.

माझी एक विद्यार्थिनी यंदा बी.ए. झाली. वडील संत्र्याच्या बागांत मजुरी करतात. घरची उर्दू आणि शाळेतली मराठी, दोन्ही तिला उत्तम येतात. तिला इस्लामिक स्टडीजमध्ये एम.ए. करून वऱ्हाडच्या इतिहासावर काम करायचं आहे. त्यासाठी हैदराबादचं मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ, दिल्लीचं जामिया नाहीतर अलीगढ गाठायचं. ही तिन्ही केंद्राच्या पैशावर चालतात, म्हणजे सरकारनं हा विषय कधीच आपला मानला आहे. पण अमरावती विद्यापीठाच्या आवारात त्याचा विभाग नाही. पुढे पीएच.डी. करायची तर मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद. ती सहाही अल्पसंख्याक समाजांसाठी होती, त्यामुळे विदर्भातल्या बौद्ध मुलांचाही आधार गेला. ती पुन्हा सुरू करावी.

सरकारी पैशानं धर्म कशाला शिकवायचा, असं गावात मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. राज्यघटनेच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी खर्चानं चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि देऊही नये. पण धर्माची दीक्षा वेगळी आणि धर्माचा अभ्यास वेगळा. गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा विद्यापीठात अभ्यास करणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्येच म्हटलं आहे. प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट परीक्षेतही ‘अरब संस्कृती व इस्लामिक अभ्यास’ हा विषय आहेच. रामटेकला संस्कृत विद्यापीठ झालं, नागपूर विद्यापीठात पाली-प्राकृत विभाग आहे, महानुभावांच्या रिद्धपुरात मराठी विद्यापीठ आलं. या प्रत्येकाचा मला अभिमान आहे. त्याच रांगेत हेही बसतं.

मी वेगळं विद्यापीठ मागत नाही. राज्य सरकारनं अमरावतीला दोन-तीन कायम प्राध्यापक द्यावेत. शिकवणं मराठीतून असावं, सोबत फारसी आणि मोडीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असावा. प्रवेश कुठल्याही धर्माच्या मुलाला. बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृहात जागा हवीच, नाहीतर बाकीचं सगळं फुकट जाईल.

हैदराबादला एकटीला धाडायला त्या मुलीचे वडील तयार नाहीत. अमरावतीला सोय झाली तर पाठवतो, असं त्यांनी मला सांगितलं आहे.

– एक निवृत्त शिक्षक, ता. अकोट, जि. अकोला