जखम धुताना जोर लावू नको

पोरी,

काल फोनवर बोललीस की वार्डात पल्स लव्हाजचं, म्हणजे दाबानं पाण्याचे झटके मारून जखम धुवायचं मशीन आलंय आणि पू झालेली जखम मिनिटात चकचकीत होते, तेव्हापासनं तेच डोक्यात घोळूलंय म्हणून लिहूलोय.

मी ड्रेसर असतानाचं एक तुला कधी सांगितलं न्हाई. संकेश्वरकडची बाई होती, मिरच्या निवडायला जाणारी, अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन सहावा दिवस, टाके लाल आणि खालनं पू. दोन टाके सोडले, मी हाताला लागली ती ५ सीसीची सिरींज घेतली, बारीक सुई लावली आणि अंगठ्यात होता नव्हता तेवढा जोर लावून सलाईन मारलं. वरची घाण निघाली, पण गेलं तेवढं पाणी परत आलं न्हाई आणि माझं तिकडं लक्षच न्हवतं. सकाळी बघतोय तर जखमेभोवती टणक सूज, लाली चार बोटं पुढं सरकलेली, ताप. सर्जन ओरडले न्हाईत, फक्त म्हणाले, पू मांसात ढकललास. परत थिएटरात न्यावं लागलं. पुढं तीन आठवडे रोज मीच ड्रेसिंग केलं, रोज ती कानडीत विचारायची, "अण्णा, यावाग मनिगे होगोदु?", म्हणजे घरी कधी जायचं? अजून कानात हाय ते.

सिरींज लहान तेवढं प्रेशर जास्त, उलटं वाटतं पण तसंच हाय. ३५ सीसीची सिरींज आणि १९ नंबरची सुई, साधारण ८ पीएसआय (प्रेशर मोजायचं माप), एवढं पुरे. ४ च्या खाली घाण सुटत न्हाई, १५ च्या वर मांस फाटतं आणि जंतू आत शिरतात, काही मशीनं तर ७० पर्यंत जातात, म्हणून तुमच्या मशीनचा आकडा आधी सिस्टरला विचार की.

आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, तोंड बारीक आणि आत खोल पोकळी असेल तिथं ते दाबून कधीच मारायचं न्हाई. तो फेस म्हणजे ऑक्सिजन, बाहेर वाट मिळाली न्हाई तर शिरेत शिरतो आणि बुडबुडा हृदयात जाऊन अडकला तर माणूस टेबलावरच जातो.

उडणाऱ्या तुषारांचं पण बघ. २००३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका हॉस्पिटलात असल्याच मशीनमुळं औषधांना दाद न देणारे जंतू पेशंटांमधे पसरले होते. वेगळी खोली माग, चष्मा, मास्क, गाऊन घालूनच हात लाव, शेजारच्या खाटेवर उघडी जखम असताना तर नकोच.

आत किती सीसी गेलं, बाहेर किती आलं ते मोजत जा. कमी आलं तर तिथंच थांब आणि डॉक्टरांना बोलव, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

शनिवारी येणार असलीस तर कळव, स्टँडवर येतो.

तुझा बाबा