तरंगत्या वाटेवरच्या त्या मुलीस

सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव मला माहीत नाही, म्हणून हे पत्र असं उघडच लिहिते आहे. जून २०१६ मध्ये इटलीतल्या इझेओ सरोवरावर, सुल्झानो गावातून मोन्ते इझोला बेटाकडे जाणाऱ्या तरंगत्या वाटेवर तुम्ही मॉनिटर म्हणून, म्हणजे चालणाऱ्यांची काळजी घ्यायला, उभ्या होतात. साडी नेसलेल्या, पाण्याची भीती वाटणाऱ्या एका बाईंना तुम्ही हात धरून पलीकडे नेलंत. ती माझी आई. आम्हा दोघींकडून तुमचे मनापासून आभार.

हे पत्र आमची मराठी मंडळीही वाचतील, त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाण्यावरून चालत जायच्या वाटेची ही कल्पना ख्रिस्तो आणि जान-क्लोद या कलाकार जोडप्याला १९७० मध्ये सुचली होती. आधी अर्जेंटिनात, मग टोकियोच्या उपसागरात त्यांनी प्रयत्न केले, पण परवानगी मिळाली नाही. २००९ मध्ये जान-क्लोद गेल्या. शेवटी ख्रिस्तो ८१ वर्षांचे असताना इझेओवर ती वाट अंथरली गेली, १८ जून ते ३ जुलै, अवघ्या १६ दिवसांसाठी. प्लास्टिकचे २,२०,००० पोकळ ठोकळे एकमेकांत अडकवून केलेली, १६ मीटर रुंद आणि ३ किलोमीटर लांब. ती वाहून जाऊ नये म्हणून पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांनी सरोवराच्या तळाशी काही टन वजनाचे काँक्रीटचे नांगर सोडले होते. वरून १ लाख चौरस मीटर झळाळतं पिवळं कापड, तेही गावातल्या गल्ल्यांपर्यंत नेलेलं. तिकीट नव्हतं, आरक्षण नव्हतं. सगळा खर्च ख्रिस्तोंनी स्वतःची चित्रं विकून उभा केला होता.

आणि कठडा नव्हता. दोन्ही कडा उतरत उतरत थेट पाण्यात जात होत्या.

वर्तमानपत्रांत रंगाबद्दल खूप लिहून आलं, गर्दीबद्दल तर त्याहून जास्त. कठडा नव्हता याबद्दल मात्र मी फारसं वाचलं नाही, आणि मला तर सगळी गंमत त्यातच होती असं वाटतं. कठडा घातला असता तर तो एक पूल झाला असता, लोक पलीकडे पोचले असते आणि विसरले असते. कठडा नाही म्हणून पाणी पायाशी आलं. पण रोज हजारो माणसं, त्यांत लहान मुलं, म्हातारी माणसं, पोहता न येणारे आमच्यासारखे. त्यांना पाण्याच्या इतकं जवळ जाऊ देण्याची हिंमत ख्रिस्तोंना करता आली, कारण कडेला तुम्ही आणि तुमचे सोबती उन्हात उभे होतात. होड्यांमधून लक्ष ठेवणारे वेगळेच. ते काम जितकं ख्रिस्तोंचं होतं तितकंच तुमचंही होतं, असं मी अगदी विचार करून म्हणते आहे.

आई धक्क्यावरच थांबली होती. मी तिला समजावत होते, मागचे लोक बाजूने पुढे जात होते. तुम्ही आलात आणि आधी तिच्या चपलांकडे बोट दाखवलंत. काढा. तिने काढल्या. कापडाखाली जाड नमद्यासारखा थर होता आणि कापड मुद्दाम चुण्या ठेवून अंथरलं होतं. त्या चुण्या तळपायाला लागल्या तशी ती जरा सैलावली. कडेला जिथे पाणी लागत होतं तिथे कापड ओलं होऊन गडद नारिंगी झालं होतं, आतल्या बाजूला कोरडं, सोनेरी. तुम्ही खुणेनेच सांगितलंत की सोनेरी भागावरून चालायचं.

मग लांबून एक होडी गेली आणि तिची लाट आमच्या खालून सरकली. आईने तुमचं मनगट घट्ट धरलं. तुम्ही तिला धीराचे शब्द नाही सांगितलेत, स्वतःचे गुडघे किंचित वाकवून सैल सोडलेत आणि तिला दाखवलंत, असं उभं राहायचं. पुढच्या लाटेला आईने तसंच केलं. लाट पायांतून वर आली आणि निघून गेली. ती मोठ्याने हसली आणि मला म्हणाली, "अगं, पाळण्यात उभं राहिल्यासारखं वाटतंय." तिच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं आहे. ते वाकवून ती हसताना मी त्याआधी पाहिली नव्हती.

चालता चालता तुम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलंत की तुम्ही बेटावरच्याच. दोन हजारांच्या आसपास वस्ती, कुठेही जायचं तर बोट. तुमची आजी रोज संध्याकाळी घरच्या चपला घालून चालत सुल्झानोला जाऊन येते, काम काही नसतं, जाता येतं म्हणून जाते. आणि तीच आजी दिवसा दाराशी गर्दी बघून वैतागते, हेही सांगितलंत. ते खरंच होतं. १६ दिवसांत बारा लाखांच्या घरात लोक येऊन गेले, आगगाड्या थांबवाव्या लागल्या, रात्री वाट बंद ठेवावी लागली. इतक्याशा बेटाने हे सोसलं, त्याबद्दल तुमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचेही आभार मानायला हवेत.

मी विचारलं होतं, हे कायमचं राहिलं तर आवडेल का? तुम्ही लगेच "नाही" म्हणालात. आम्हाला होड्या लागतात, मासेमारी आहे. असं काम थोड्या दिवसांपुरतंच असावं, हे ख्रिस्तोंचं म्हणणं मला वाचून पटलं नव्हतं, ते त्या उत्तराने पटलं. ज्यांच्या दारात कला येते त्यांचं पाणी त्यांना परत मिळायला हवं. ३ जुलैनंतर खरोखरच सगळं उचललं गेलं, ठोकळे आणि कापड पुनर्वापराला गेलं.

३१ मे २०२० ला ख्रिस्तो गेले. बातमी मी आईला फोनवर वाचून दाखवली. ती हळहळली, आणि मग तिने तुमची चौकशी केली, जणू मला तुमचा पत्ता माहीत असावा. ती तुमचा उल्लेख अजून "ती पोरगी" असाच करते. घरात कुणी जिना उतरायला घाबरलं की ती गुडघे सैल सोडायला सांगते आणि कुणी शिकवलं तेही सांगते.

हे पत्र कुणी इझेओच्या बाजूला राहणारा मराठी माणूस वाचत असेल तर त्याने कृपा करून बेटावरच्या पेस्किएरा माराल्यो गावात ते कुणाकडून तरी इटालियनमध्ये वाचून घ्यावं. गाव लहान आहे, पोचेल.

आईने आजींना नमस्कार सांगितला आहे, आणि त्यांचे गुडघे कसे आहेत ते विचारलं आहे.

तुमची ऋणी,
त्या साडीवाल्या बाईंची मुलगी