फुलं फक्त भाद्रपदातच नसतात

संपादक महाशय,

भाद्रपद आला की आपल्या पुरवणीत कास पठाराचं पानभर कौतुक असतं. असावं, 2012 साली युनेस्कोच्या यादीत गेलेली जागा आहे ती. पण त्यामुळे डोंगरावर फुलं पावसानंतरच असतात, असा लोकांचा समज होऊन बसलाय. महाशिवरात्र झाली की ट्रेकवाली पोरं बूट माळ्यावर टाकतात. "आता काय, सगळं वाळलंय!"

मी एसटीतला निवृत्त वाहक. फाल्गुन-चैत्रात तांबडं फुटताना बाजारवाडीतून रोहिडा किल्ल्याची वाट धरतो आणि ऊन तापायच्या आत खाली येतो. बांधाला पळस, पांगारा; वर चढाला धायटी. काटेसावरीच्या अंगावर तर या दिवसांत एक पान नसतं, नुसती तळहाताएवढी लाल, मांसल फुलं. आडवं पानच नाही म्हटल्यावर पाखरांना ती लांबून दिसतात. साळुंक्या, कोतवाल, बुलबुल, परतीच्या वाटेवरच्या भोरड्या असा सगळा गोतावळा मधावर तुटून पडतो. गणपतीतलं स्वारगेट त्यापुढे शांत वाटावं! धायटीचं नळीसारखं लालभडक फूल उपटून देठाकडून चोखून बघा, गोड थेंब जिभेवर येतो. वैद्यांची आसवं-अरिष्टंही याच फुलांनी आंबतात.

आणि नेमका याच दिवसांत डोंगर पेटवला जातो. गेल्या चैत्रात एका सोंडेवरची फुललेली धायटी बघून आलो, पुन्हा गेलो तर सोंड काळीठिक्कर. जाळलं की गवत चांगलं येतं, असं गावोगाव सांगतात. कोवळं फुटतं, नाही कशाला म्हणू? पण उघड्या पडलेल्या उतारावरची माती वळवाच्या पहिल्या सरीत राखेसकट ओढ्याला जाते, त्याचं काय? जुना पळस, जुनी सावर जाड सालीमुळे तगतात. मरतात ती त्यांची हाताएवढी रोपं, फुलावर आलेली करवंदाची जाळी आणि जमिनीवरच घरटं करणारा चंडोल. शिवाय राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्यानेच गुन्हा आहे. आमच्याकडे विडी ओढत ओढत कडेचं गवत पेटवणाऱ्याला हे कोणी सांगितलेलं नसतं, आणि सांगितलं तरी तो हसतो.

जाळपट्टे, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, होळीच्या आधी काढावेत, हे वन खात्याला आणि ग्रामपंचायतींना मी काय शिकवावं! आपल्याकडे मागणं एवढंच. फाल्गुनात पांगाऱ्यालाही पाव पान द्या. माणसं सकाळी डोंगरावर फिरती राहिली की धूर लवकर दिसतो. आणि वन विभागाचा 1926 हा मदत क्रमांक होळीपासून मृगापर्यंत रोज हवामानाच्या चौकटीखाली छापा.

— एक निवृत्त एसटी वाहक, भोर (जि. पुणे)